मळकट मधमाश्या आणि निर्णयाचं गणित

1949 सालच्या वसंतात म्युनिकच्या प्राणिशास्त्र संस्थेबाहेर मधमाश्यांचा एक थवा लटकला होता. मार्टिन लिंडाउअर हा तरुण संशोधक तो निरखत होता. थव्यावर काही माश्या नाचत होत्या. नाचात नवल नव्हतं, कारण माश्या नाचून फुलांची दिशा आणि अंतर सांगतात हे त्याचे गुरू कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडून दाखवलेलंच होतं. नवल होतं ते या माश्यांच्या अवताराचं. त्यांच्या अंगावर पराग नव्हते. कुणी काजळीनं काळी, कुणी विटांच्या भुकटीनं तांबडी, तर कुणी पिठानं पांढरी झालेली. युद्धात बेचिराख झालेल्या शहरातल्या धुराड्यांमधून आणि भिंतींच्या भगदाडांतून त्या फिरून आल्या होत्या. लिंडाउअरच्या डोक्यात प्रकाश पडला : या माश्या फुलांची नव्हे, घराची जाहिरात करताहेत.

पोळं भरून वाहू लागलं की जुनी राणी सुमारे दहा हजार माश्यांना घेऊन बाहेर पडते आणि जवळच्या फांदीवर तात्पुरता मुक्काम ठोकते. मग काहीशे टेहळ्या माश्या जागा शोधायला निघतात. ढोली पुरेशी मोठी हवी, तिचं दार छोटं आणि जमिनीपासून उंच हवं. निवड चुकली तर हिवाळ्यात सगळी वसाहत मरू शकते. राणी मात्र यात काहीच ठरवत नाही. तिला ‘राणी’ म्हणायची सवय आपल्यालाच लागलेली आहे.

मग ठरवतं कोण? कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस सीली अनेक दशकं या प्रश्नाच्या मागे आहेत. त्यांनी प्रयोगासाठी अमेरिकेच्या मेन किनाऱ्याजवळचं ॲपलडोर बेट निवडलं. तिथे मोठी झाडंच नसल्यामुळे माश्यांना सीलींच्या पेट्यांवाचून फारसा पर्याय नव्हता. एक पेटी 40 लिटरची, म्हणजे माश्यांच्या दृष्टीनं झकास. बाकीच्या चार 15 लिटरच्या, सुमार. पाच थव्यांपैकी चार थव्यांनी झकास पेटीच पसंत केली, आणि तीही बहुतेक वेळा सगळ्यात आधी सापडलेली नसताना.

यातली खुबी अशी की सगळ्या पेट्या फिरून तुलना करणारी माशी जवळपास नसतेच. प्रत्येक जण आपण पाहिलेल्या जागेपुरतंच बोलते. जागा उत्तम असेल तर नाचाचे फेरे जास्त, बेताची असेल तर कमी. माशी पुन्हा जागा पाहून येते आणि पुन्हा नाचते, पण दर खेपेला फेरे कमी होत जातात आणि शेवटी ती गप्प बसते. सुमार जागेचा प्रचार अशानं लवकर विझतो, चांगल्या जागेचा नवे अनुयायी मिळेपर्यंत टिकतो. आपलंच घोडं शेवटपर्यंत दामटायचा हट्ट त्यांच्यात नाही. (माणसांच्या बैठकांचा विषय इथे काढत नाही.)

एखाद्या जागेपाशी एका वेळी वीस-तीस टेहळ्या जमल्या की गणपूर्ती झाली. त्या परत येऊन विशिष्ट आवाज काढत थव्यात घुसतात, बाकीच्या माश्या उडण्याचे स्नायू सुमारे 35 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि सगळा थवा हवेत झेपावतो. एकमत होईपर्यंत थांबायचं नाही, उंबरठा ओलांडला की निघायचं.

अगदी असाच उंबरठा मेंदूतही दिसतो. मायकल शॅडलेन आणि विल्यम न्यूसम या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांना पडद्यावर सैरावैरा हलणारे ठिपके दाखवले. त्यातले थोडेच ठिपके एका दिशेनं सरकत होते आणि ती दिशा माकडानं नजर वळवून सांगायची होती. मेंदूच्या बाजूच्या भागातल्या काही चेतापेशींचा विद्युत-स्पंद सोडण्याचा वेग ठिपके पाहता पाहता चढत जाई. पुरावा स्पष्ट असेल तर भरभर, धूसर असेल तर रेंगाळत. ठरावीक पातळी गाठली की नजर वळे. त्या पेशी स्वतः निर्णय घेतात की दुसरीकडे चाललेल्या निर्णयाची नुसती नोंद ठेवतात, यावर अजून वाद आहे, कारण 2016 मध्ये तो भाग तात्पुरता निकामी केल्यावरही माकडांची उत्तरं फारशी बिघडली नाहीत. पण पुरावा साठत जाणं आणि उंबरठ्यापाशी थांबणं हे गणित भक्कम आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या गुप्त केंद्रात गणितज्ञ ॲलन ट्युरिंग सांकेतिक जर्मन संदेश फोडताना असंच करत होते : प्रत्येक खुणेला वजन द्यायचं आणि बेरीज पुरेशी झाली की मोजणी थांबवायची.

उंबरठा मात्र दगडी नसतो. टेम्नोथोरॅक्स जातीच्या मुंग्यांचं घर मोडलं आणि वर बोचरा वारा सोडला, तर त्या गणसंख्या कमी करून झटपट घर ठरवतात. त्यात चुकाही जास्त होतात. माणसाच्या मेंदूत खोलवर एक छोटं केंद्र आहे, ते पर्याय अटीतटीचे असताना जणू उंबरठा वर ढकलून ‘जरा थांब’ म्हणतं. पार्किन्सन झालेल्या काही रुग्णांच्या या केंद्रात विजेचे स्पंद देणारी तार बसवतात. 2007 मध्ये मायकल फ्रँक आणि सहकाऱ्यांना दिसलं, की ते यंत्र चालू असताना असे रुग्ण अवघड निवड करतानाही थबकत नाहीत.

आता खरी पंचाईत. दोन्ही पर्याय तुल्यबळ असतील तर? सीलींनी अगदी सारख्या दोन पेट्या ठेवल्या आणि प्रत्येक पेटीत येणाऱ्या माश्यांना वेगळ्या रंगाचा ठिपका लावला. तेव्हा दिसलं, की एका पेटीच्या समर्थक दुसरीसाठी नाचणाऱ्या माशीला डोक्यानं ढुशी देतात आणि सोबत ‘बीप’ असा छोटा आवाज काढतात. पुरेशा ढुश्या बसल्या की नाच थांबतो. या ढुश्या नसतील तर दोन्ही गट बरोबरीत अडकून राहू शकतात. असतील तर योगायोगानं किंचित पुढे गेलेली बाजू दुसरीला दाबून टाकते. मेंदूतही स्पर्धक चेतापेशींचे गट एकमेकांना असेच दाबतात.

2013 मध्ये या ढुश्यांचं गणित आणखी पुढे नेलं गेलं. दोन्ही जागा सारख्याच उत्तम असतील तर कोंडी फुटते आणि कुठली तरी एक निवडली जाते. दोन्ही सारख्याच टाकाऊ असतील तर मात्र कोंडी टिकून राहते, म्हणजे तिसरी बरी जागा सापडायला अवधी मिळतो.

माणसाचं उलट होतं. पर्याय जितके जवळचे तितका आपला पुरावा हळू साठतो, म्हणून जिथे काहीही निवडलं तरी फारसं बिघडत नाही तिथेच आपण सगळ्यात जास्त वेळ घालवतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना ठरावीक वेळात अनेक निवडी करायच्या होत्या. एकीवर रेंगाळलं की पुढच्यांचा वेळ जाई. संशोधकांनी प्रत्येक निवडीला वेळेची मर्यादा घातली, तेव्हा त्याच लोकांची कमाई वाढली.