जोर कधी जास्त आणि कमाई कधी जास्त? व्यायामाच्या वेळेबद्दलचे दोन वेगळे प्रश्न

व्यायाम सकाळी करावा की संध्याकाळी, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुम्हाला नेमकं काय हवंय? त्या दिवशी जास्त वजन उचलायचंय, जास्त वेगानं पळायचंय? की तीन-चार महिन्यांनी अंगात ताकद आलेली, दम वाढलेला आणि साखर आटोक्यात आलेली हवीय? बहुतेकांना ही एकच गोष्ट वाटते. शरीर ज्या वेळी जास्त काम करतं, त्या वेळच्या व्यायामाचं फळही जास्तच मिळणार, हे इतकं सरळ वाटतं की शंका घ्यावी असं मनातही येत नाही. व्यायामाच्या वेळेबद्दलचा बराचसा गोंधळ या गफलतीतूनच सुरू होतो.

सोयीसाठी पहिल्याला ‘जोर’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘कमाई’. जोर म्हणजे त्या तासाला शरीर काय करून दाखवतं. आणि त्या मेहनतीला उत्तर म्हणून पुढच्या काही आठवड्यांत शरीर स्वतःत जो बदल घडवतं, ती कमाई.

जोराबद्दल बरंच काही खात्रीनं सांगता येतं. आपल्या शरीराच्या आतलं तापमान दिवसभर सारखं नसतं. पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली असतं, मग चढत जातं आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान सर्वांत वर पोचतं. फरक जेमतेम अर्धा ते एक अंश सेल्सिअसचा, पण स्नायूंना तो पुरतो. ऊबदार स्नायू लवकर आकुंचन पावतो, नसांमधून संदेश जलद जातो, सांधे मोकळे असतात. त्यामुळे हाताची पकड, उडीची उंची, छोट्या अंतराची धाव, एका दमात उचललेलं वजन या सगळ्यांत संध्याकाळचे आकडे सकाळपेक्षा चांगले येतात. फरक किती, हे व्यायामाचा प्रकार आणि माणूस यांवर ठरतं. कुठे तीन-चार टक्के, तर कुठे पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत. सावकाश आणि लांब पळण्यात तो कमी जाणवतो.

या चढउतारामागे जैविक घड्याळ आहे. त्याचा मुख्य काटा मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसांच्या जवळ असतो आणि उजेडावर आपली वेळ जुळवून घेतो. स्नायू, यकृत, हृदय यांच्या पेशींमध्येही स्वतःची छोटी घड्याळं असतात. पेशीतलं हे घड्याळ कसं चालतं, याचा उलगडा फळमाशीवर काम करून केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ज्याला स्पर्धेत उतरायचंय, त्याच्यासाठी जोराची वेळ हा जिवाभावाचा विषय असतो. अथेन्स 2004, बीजिंग 2008, लंडन 2012 आणि रिओ 2016 या चार ऑलिंपिकमधल्या जलतरणपटूंच्या वेळा पुढे एका अभ्यासात तपासल्या गेल्या. सर्वांत वेगवान पोहणं संध्याकाळी पाचच्या थोडं पुढे आढळलं. फरक 0.37 टक्के, म्हणजे आपल्या-तुपल्यासारख्यांना जाणवणारही नाही इतका. पण अंतिम फेऱ्यांपैकी 40 टक्के फेऱ्यांत सुवर्ण आणि रौप्य यांच्यातलं अंतर यापेक्षाही कमी होतं. बीजिंगमध्ये पोहण्याच्या अंतिम फेऱ्या सकाळी घेतल्या गेल्या होत्या, हे लक्षात घेतलं की वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या हाती केवढी गोष्ट असते ते कळतं.

आता कमाई. बारा आठवडे एक गट सकाळी वजनं उचलतो, दुसरा संध्याकाळी. शेवटी कोणाचे स्नायू जास्त भरले, कोणाची ताकद जास्त वाढली? अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. वाढ दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. ज्या वेळी शरीराचा जोर कमी, त्या वेळी मेहनत करणारेही मागे पडले नव्हते.

असं का होतं, हे समजायला स्नायूच्या बाजूनं पाहावं लागतं. समजा, संध्याकाळी तुम्ही 60 किलो आठ वेळा उचलता आणि नवव्यांदा उचलणं अशक्य होतं. सकाळी तीच अवस्था 57 किलोवर येते. वजनाचा आकडा वेगळा, पण आठव्या वेळी स्नायूच्या तंतूंवर पडलेला ताण दोन्हीकडे त्यांच्या त्या वेळच्या मर्यादेपर्यंतचा आहे. स्नायूला किलो मोजता येत नाहीत. आपल्या ऐपतीच्या मानानं किती ओढाताण झाली, एवढंच त्याला कळतं, आणि दुरुस्ती-वाढीचं काम त्या हिशेबानं सुरू होतं. मला हा भाग फार दिलासा देणारा वाटतो, कारण सकाळी वजन कमी उचललं जातं म्हणून खट्टू होऊन व्यायाम सोडणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट दिसते. जे नेमानं सकाळी व्यायाम करतात, त्यांचा सकाळचा जोर काही आठवड्यांत वर येतो आणि सकाळ-संध्याकाळमधली दरी कमी होते. शरीर मेहनतीची वेळही शिकतं. म्हणून सकाळी स्पर्धा असेल, तर आधीचे काही आठवडे सराव सकाळीच करावा, हा सल्ला खरा आहे. वॉर्म-अप लांबवला तरी सकाळची तूट बरीच भरून निघते, कारण मूळ कमतरता उबेची असते.

रिकाम्या पोटी व्यायाम केला की चरबी जास्त जळते, हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. इथेही नेमकी तीच गल्लत आहे, फक्त कपडे वेगळे. रात्रभर खाल्लेलं नसतं, रक्तात इन्सुलिन कमी असतं, त्यामुळे सकाळी उपाशी चालताना शरीर इंधन म्हणून चरबी जास्त वापरतं. इथपर्यंत बरोबर. पण व्यायामाच्या एका तासात कोणतं इंधन जळलं आणि महिन्याभरात अंगावरची चरबी किती उतरली, हे दोन वेगळे हिशेब आहेत. सकाळी चरबी जास्त वापरली, तर दिवसाच्या उरलेल्या वेळात शरीर कर्बोदकांकडे वळतं; चोवीस तासांचा ताळेबंद शेवटी किती खाल्लं आणि किती खर्च केलं यावरच बसतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 20 तरुण स्त्रियांनी चार आठवडे सारखाच आहार ठेवून, निम्म्यांनी उपाशी आणि निम्म्यांनी खाऊन, सारखाच व्यायाम केला. वजन आणि चरबी दोन्ही गटांत घटली, आणि गटागटांत फरक सापडला नाही. प्रयोग छोटा होता हे मान्य. पण वरच्या हिशेबाशी त्याचा निकाल जुळतो. उपाशी पोटी हलकं वाटत असेल तर जरूर तसंच करा. भोवळ येत असेल, तर ‘चरबी जळतेय’ म्हणून ते सोसत राहू नका.

मग वेळेला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि काही जणांसाठी चांगलाच आहे.

सर्वांत स्पष्ट उदाहरण रक्तातल्या साखरेचं. टाइप 2 मधुमेह असलेल्या 11 पुरुषांवरचा एक स्वीडिश अभ्यास 2019 मध्ये आला. त्यांनी दोन आठवडे सकाळी आणि दोन आठवडे दुपारी, थांबून-थांबून जोरात करायचा इंटरव्हल व्यायाम केला. दुपारच्या व्यायामानं साखर खाली आली. सकाळच्या व्यायामानं ती उलट वाढली. सकाळी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं आधीच चढलेली असतात, यकृत साखर सोडत असतं. त्यात जोराचा व्यायाम केला की आणखी साखर रक्तात येऊ शकते. अकरा माणसांवरून साऱ्या जगाला नियम लावता येणार नाही, पण आपल्या ग्लुकोमीटरवर हे कोणालाही तपासून पाहता येतं. त्याहून सोपी आणि मला जास्त पटणारी गोष्ट जेवणानंतरच्या चालण्याची. मधुमेह असलेल्या लोकांमध्ये, दिवसातून एकदा कधीही 30 मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर 10 मिनिटं चालल्यानं जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्के. एकूण चालणं तेवढंच. इथे घड्याळातल्या वेळेपेक्षा जेवणाशी असलेलं अंतर महत्त्वाचं ठरतं, आणि ‘सकाळ की संध्याकाळ’ हा प्रश्नच जरा चुकीच्या जागी उभा आहे असं वाटू लागतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधं चालू असतील, तर वेळ बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. व्यायामानंतर साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

दुसरं उदाहरण पाठीचं. रात्री आडवं झालो की मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपण एक-दोन सेंटीमीटर उंच असतो. फुगलेली गादी ताठ असते आणि पुढे वाकताना तिच्यावर दिवसभरापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. उभं राहून, चालून-फिरून पहिल्या तासाभरातच तिच्यातलं बरंच पाणी उतरतं. ज्यांची कंबर आधीच दुखते, त्यांनी अंथरुणातून उठल्या उठल्या कमरेतून खोल वाकण्याचे प्रकार किंवा डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरचं वजन उचलणं) करू नयेत, एवढं मी ठामपणे सांगेन. याचा अर्थ सकाळचा व्यायामच वाईट, असा मात्र काढू नका. तासभर थांबा, आधी चाला, मग वाका.

तिसरं उदाहरण झोपेचं. संध्याकाळी व्यायाम केला की झोप उडते, असं सरसकट सांगितलं जातं. 23 अभ्यासांचा आढावा 2019 मध्ये घेतला गेला, त्यात संध्याकाळच्या व्यायामानं झोप बिघडल्याचं सर्वसाधारणपणे दिसलं नाही. अपवाद एकच होता: झोपण्याआधी तासाभराच्या आत संपलेला, धाप लागेल असा व्यायाम. त्यानं झोप लागायला वेळ लागू शकतो. वेगळ्या बाजूनं पाहिलं तर व्यायाम घड्याळालाही ढकलतो. सकाळी सातच्या किंवा दुपारी एक ते चारच्या व्यायामानं जैविक घड्याळ पुढे येतं, म्हणजे झोप लवकर येऊ लागते. रात्री सात ते दहाच्या व्यायामानं ते मागे सरकतं. ज्याला रात्री उशिरापर्यंत झोपच येत नाही आणि सकाळी लवकर उठावं लागतं, त्याला सकाळच्या व्यायामाचा हा उपयोग मोठा आहे. झोपेच्या गोळीचा विचार करण्याआधी हे करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

हृदयाबद्दलही एक भीती सांगितली जाते. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त येतात, हे खरं आहे. उठल्यावर रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यावरून सकाळचा व्यायाम धोक्याचा, असा निष्कर्ष काढला जातो. देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या हृदयरुग्णांमध्ये सकाळचे आणि दुपारचे गट ताडून पाहिले गेले, तेव्हा दोन्हींत असे प्रसंग अगदी थोडे होते आणि वेळेमुळे ठोस फरक पडल्याचं दिसलं नाही. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांनी किती जोरात आणि किती वेळ हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. सुरुवात हळू करावी, हे मात्र सर्वांनाच लागू.

एवढं सगळं ‘सरासरी माणसा’बद्दल झालं, आणि तो माणूस कुठेच राहत नाही. काही जण पहाटे टक्क जागे असतात, काहींना सकाळी दहापर्यंत अंगात जीवच येत नाही. खेळाडूंवर केलेल्या 2015 च्या एका अभ्यासात दिसलं की लवकर उठणाऱ्यांचा जोर जाग आल्यानंतर सुमारे साडेपाच तासांनी शिखरावर होता, तर रात्री जागणाऱ्यांचा तब्बल अकरा तासांनी. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळापेक्षा ‘उठून किती तास झाले’ हे विचारणं जास्त उपयोगाचं.

कोणत्या वेळी व्यायाम करणारे जास्त जगतात, अशा बातम्याही अधूनमधून येतात. मोठ्या लोकसंख्येवरच्या या पाहण्यांत कधी सकाळ पुढे असते, कधी दुपार, कधी संध्याकाळ. सकाळी ज्याला सवड मिळते, त्याची नोकरी, झोप, घरची परिस्थितीही वेगळी असते, आणि ती वजाबाकी आकड्यांत पुरती करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा व्यायाम, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम अशी आहे. त्यात दिवसाच्या वेळेचा उल्लेखच नाही. माझ्या मते वेळ निवडताना पहिला प्रश्न हाच असावा, की ही मिनिटं कोणत्या वेळेला सर्वांत कमी बुडतील. काहींसाठी ती पहाट असते, कारण तोवर कोणाचा फोन येत नाही. काहींसाठी कामावरून परतताना, घरी टेकण्याआधी.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र जोर आणि कमाईतला फरक कळल्याशिवाय जमत नाही. वहीत नोंद ठेवत असाल, तर वजन आणि वेगासमोर किती वाजता व्यायाम केला तेही लिहा. गेल्या महिन्यात संध्याकाळी 60 किलो उचललं आणि आज सकाळी 57 वर थांबलो, यात काही गमावलेलं नाही. ती फक्त दोन वेळांची तुलना आहे. सकाळ सकाळशी ताडून पाहा, संध्याकाळ संध्याकाळशी, आणि वेळ बदलली असेल तर पहिले तीन-चार आठवडे आकड्यांवरून काहीच ठरवू नका.