पद्मिनी मोटारीचे घरगुती पुनरुज्जीवन

फियाट ११०० व तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी ही गाडी गॅरेजवर न सोपवता घरच्या घरी मूळ स्थितीस आणणे व चालती ठेवणे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला (मुंबई) येथील कारखान्यात ही गाडी तयार होई. ११००–१०३ हे रूप १९५४ च्या सुमारास आले, ११०० डी १९६४ च्या आसपास. ‘पद्मिनी’ हे नाव १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मिळाले. उत्पादन साधारणतः २००० पर्यंत चालू होते. ११०० हा आकडा ढोबळ आहे : सिलिंडरचा व्यास ६८ मिमी., दट्ट्याची धाव ७५ मिमी. व चार सिलिंडर, म्हणजे प्रत्यक्षात १,०८९ घ. सेंमी.

‘डुक्कर फियाट’ हे टोपणनाव नेमके कोणत्या गाडीचे, याबद्दल एकवाक्यता नाही. काही जण पद्मिनीपूर्वीच्या सगळ्याच फियाटना ते लावतात, तर काही फक्त फुगीर नाकाडाच्या, ११०० डी च्या आधीच्या गाड्यांना. नाव नाकाडावरून पडले असेल, तर दुसरा अर्थच अधिक सयुक्तिक ठरतो, कारण ११०० डी चा दर्शनी भाग सपाट आहे. हा वाद निव्वळ हौशी नाही. ‘डुक्कर’चे म्हणून आणलेले ग्रिल वा दिव्याची रिंग ११०० डी ला बसत नाही, आणि चोरबाजारातून घेतलेला माल परत होत नाही.

गाडीला वेगळी चासी (तळाचा लोखंडी सांगाडा) नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे दाराखालच्या पट्ट्या आणि तळाचा पत्रा गंजला, तर तो कापून नवा जोडावा लागतो. लांबी (खळगे भरायची पुट्टी) भरून वर रंग मारला की गंज झाकतो, ताकद येत नाही. तळ कापताना दारे जागेवर ठेवून फटी मोजत राहावे, नाहीतर वेल्डिंगनंतर दार लागत नाही. हे काम घरच्या आवाक्याबाहेरचे मानून पत्राकाम करणाऱ्या मिस्त्रीकडे देण्याचा प्रघात आहे व तो योग्य होय.

घरी खरा वेळ जातो तो गरम गाडी बंद पडण्यात. थंडीत एका सेल्फमध्ये लागणारी गाडी मे महिन्यात सिग्नलला बंद पडते आणि पुन्हा लागत नाही. रूढ निदान ‘व्हेपर लॉक’. पेट्रोलचा यांत्रिक पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला असल्याने तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते व डायफ्रॅम (पंपातला लवचीक पडदा) द्रवाऐवजी वाफच दाबत राहतो. पंपावर ओला फडका गुंडाळून दहा मिनिटे थांबायचे, हा टॅक्सीवाल्यांचा उपाय सर्वश्रुत आहे. मात्र फडक्याने गाडी लागली म्हणून निदान बरोबर ठरत नाही. त्याच दहा मिनिटांत ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल व तिच्या जोडीचा कंडेन्सरही निवतात, आणि तापल्यावर दगा देणे हा या दोहोंचा नेहमीचा दोष. म्हणून तपासणी गाडी गरम असतानाच, फडका लावण्याआधी करावी. एक स्पार्क प्लग काढून, वायर लावलेलीच ठेवून, पेट्रोलपासून दूर, त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवून सेल्फ मारावा. निळी, टणक ठिणगी पडली तर दोष पेट्रोलच्या बाजूला. पिवळी, मरतुकडी पडली वा पडलीच नाही, तर विजेच्या. पॉइंटच्या (कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या) एका बाजूवर टेंगूळ व दुसऱ्या बाजूवर खळगा दिसला, तर कंडेन्सरचा संशय बळावतो. पॉइंट नुसते घासून भागत नाही. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) फट पुन्हा लावावी लागते आणि फट बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही सरकते, हे बरेच जण विसरतात.

हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर सोलेक्स पद्धतीचा. त्याच्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या पितळी तुकड्यावर) कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशात. कचरा अडकला तर हवेच्या झोताने काढावा. तारेने टोकरले की पितळ झिजते, आकडा तोच राहतो आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते.

इंधनच बदलले, हा अलीकडचा प्रश्न. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० मध्ये बंद झाले. हे शिसे व्हॉल्व्हच्या बैठकींची झीज रोखत असे. म्हणून हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उघडलेच आहे तर कठीण धातूच्या बैठकी बसवून घेण्याचा सल्ला दिला जातो. त्यानंतर इथेनॉलमिश्रित पेट्रोल आले. इथेनॉल ओलावा धरते व जुने रबर फुगवते. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत त्यामुळे तळाशी पाणी साठून गंज धरतो. डायफ्रॅम व रबरी नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

मूळपणाचे निकष सैल आहेत. ऐतिहासिक मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तूरिनची सनद बदलापेक्षा जतनाला प्राधान्य देते. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे झालेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. गॅसवर चाललेल्या गाड्यांच्या डिकीत सिलिंडरच्या पट्ट्यांची भोके राहून गेलेली असतात. ती आधी बुजवून घेतलेली बरी.