‘२१ दिवसांत सवय लागते’ हे खरं नाही

जेवणानंतर नवरा-बायकोनं २१ दिवस मोबाइल बाजूला ठेवला की सवय लागलीच, असं सर्रास सांगतात. मूळ गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० मध्ये लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला ‘किमान’ २१ दिवस लागतात. पुढं सांगोवांगी ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात नव्या सवयीला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला लागतील असा अंदाज थेट २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही.

तेव्हा बाविसाव्या दिवशी हात रील्सकडे गेला तर बेत मोडीत काढू नका. वेळ घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा: भांडी आवरली की दोन्ही मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, रिंग चालू ठेवून. मग रंकाळ्यावर चक्कर; कोल्हापूरचा पाऊस लागला असेल तर घरात कॅरमचा एक डाव. खरा घोळ गजर करतो. त्याच्यापायी फोन उशाशी येतो आणि बोट आपोआप फिरायला लागतं. सेलवर चालणारं गजराचं घड्याळ आणा. आणि एकानंच फोन ठेवला, दुसऱ्याचा हातातच, तर कुरबुर ठरलेली.