टर्बोला पांघरूण घालताना

टर्बोचार्जरच्या एका टोकाला, म्हणजे टर्बाइनमध्ये, तापलेला एक्झॉस्ट गॅस शिरतो आणि दुसऱ्या टोकातून, म्हणजे कॉम्प्रेसरमधून, इंजिनाला लागणारी हवा आत ढकलली जाते. दोन्ही टोकांत अंतर जेमतेम वीतभर. पेट्रोल इंजिनावर पूर्ण भार असताना टर्बाइनशी येणारा गॅस ९५० ते १०५० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, तर डिझेलमध्ये तो साधारण ७५० ते ८५० अंशांवर असतो. बॉनेटखालचे रबरी होज, वायरिंगचे प्लास्टिक आणि ब्रेक फ्लुइडची टाकी यांना यातला थोडा वाटाही झेपत नाही.

एवढ्या तापलेल्या धातूतून बरीचशी उष्णता प्रारणाने बाहेर पडते, आणि प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. टर्बाइनच्या कवचाचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटीमीटर आणि तापमान ८०० अंश धरले, तर गंजक्या बिडाच्या पृष्ठभागातून नुसत्या प्रारणाने सुमारे ३ किलोवॅट बाहेर पडतात. म्हणजे १००० वॅटच्या तीन इस्त्र्या बॉनेटखाली सतत चालू आहेत असे समजा. टर्बाइनवर ब्लँकेट, म्हणजे उष्णतारोधक पांघरूण, घालून बाहेरचा पृष्ठभाग ३०० अंशांवर आणला, तर तेवढ्याच क्षेत्रफळामागे आकडा २५० वॅटच्या आसपास येतो. ब्लँकेटचे क्षेत्रफळ मूळ कवचाहून जास्त असते, त्यामुळे प्रत्यक्षातली घट थोडी कमी भरते. तरीही फरक मोठाच राहतो.

मात्र ही उष्णता नाहीशी होत नाही. ती गॅसमध्ये टिकून राहते, टर्बाइनला किंचित जास्त ऊर्जा देते आणि पुढे डाउनपाइपमध्ये, म्हणजे टर्बाइनमधून गॅस बाहेर नेणाऱ्या पाइपमध्ये, जाते. डाउनपाइप उघडा असेल तर ती तिथून पुन्हा बॉनेटखाली येते. म्हणून टर्बोचे ब्लँकेट आणि डाउनपाइपचा निदान वरचा भाग एकत्रच झाकावा. ताकद वाढते हा दावा जपून घ्यावा. टर्बो थोडा लवकर फिरू लागतो, पण खरा फायदा शेजारच्या भागांचे आयुष्य वाढण्यात आहे.

झाकायचे ते फक्त टर्बाइनचे कवच. कॉम्प्रेसरचे कवच झाकू नये आणि मधला बेअरिंगचा भाग तर मुळीच नको. चुका होतात त्या इथेच. बेअरिंगमधले तेल वंगणाबरोबरच उष्णता वाहून नेण्याचेही काम करते. गाडी बंद झाली की तेलाचा पंप थांबतो, आणि तापलेल्या टर्बाइनमधली उष्णता शाफ्टवरून मधल्या भागात सरकू लागते. अडकलेले तेल जळून त्याचा कोळशासारखा थर बसतो, तेलाची वाट अरुंद होते आणि पुढे बेअरिंग जाते. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोत गरम पाणी आपोआप वर चढते, त्यामुळे इंजिन बंद असतानाही थोडा प्रवाह चालू राहतो. ब्लँकेटमुळे टर्बाइन जास्त वेळ तापलेले राहते, म्हणजे हा धोका कमी होण्याऐवजी वाढतो. जोराची चढण किंवा वेगाचा लांब पल्ला संपल्यावर इंजिन दोनेक मिनिटे आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) ठेवायची सवय ब्लँकेट असेल तेव्हा अधिकच गरजेची ठरते. विक्रेते हे क्वचितच सांगतात.

ब्लँकेटमध्ये साधारण तीन थर असतात: आत धातूची जाळी किंवा सिलिका कापड, मध्ये सिरॅमिक तंतूंची किंवा सिलिकाची गादी आणि बाहेर बेसाल्ट तंतूंचे किंवा काचतंतूंचे कापड. साधे काचतंतू ५५० अंशांच्या आसपास कमकुवत होतात, त्यामुळे धातूला टेकणारा थर त्यांचा नसावा. सिरॅमिक तंतूंची धूळ फुप्फुसांना घातक असते आणि तिच्याबाबत कर्करोगाचा संशय आहे. कापताना किंवा जुने ब्लँकेट काढताना बारीक कण रोखणारा मास्क आणि हातमोजे घाला, गादी किंचित ओली करा आणि हवेचा झोत मारू नका.

बसवण्यापूर्वी टर्बो पूर्ण थंड होऊ द्या. तेलाच्या दोन्ही नळ्यांचे जोड पुसून कोरडे करा, गळती असेल तर आधी ती बंद करा. तेल शोषलेले ब्लँकेट पेट घेऊ शकते, म्हणून ते धुऊन पुन्हा वापरण्यापेक्षा बदलावे. दोऱ्या किंवा स्प्रिंग स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. वेस्टगेटची (जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची) दांडी किंवा व्हेरिएबल टर्बोची (ज्यात टर्बाइनची पाती वळवता येतात) लिव्हर कुठेही अडकता कामा नये, आणि त्यांना हलवणारा ॲक्च्युएटर उघडा राहिला पाहिजे. त्यातला रबरी पडदा किंवा इलेक्ट्रॉनिक्स उष्णतेने लवकर खराब होते. ऑक्सिजन सेन्सरचे बाहेरचे टोकही रॅपखाली, म्हणजे पाइपवर गुंडाळायच्या उष्णतारोधक पट्टीखाली, घेऊ नये.

डाउनपाइपला ५० मिलिमीटर रुंद रॅप वापरला आणि प्रत्येक वेढा आधीच्यावर १२ मिलिमीटर चढवला, तर ६३ मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर पाइपला सव्वापाच मीटर लागतो. कापणी धरून सहा घ्यावा. पहिल्यांदा तापताना बंधकद्रव्य जळून धूर येतो आणि वास सुटतो. अर्ध्या तासानंतरही धूर थांबला नाही तर तेल गळतेय का ते पाहा.

बिडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला गॅस गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग, गुंडाळायच्या मी विरोधात आहे. धातू आधीच मर्यादेजवळ तापलेला असतो. रॅपमुळे तो आणखी तापतो, त्याला भेगा पडतात आणि त्या झाकलेल्या असल्याने दिसतही नाहीत. साध्या पोलादी पाइपवर रॅपखाली ओल अडकून गंजही भराभर पसरतो. मॅनिफोल्डसाठी हवेची फट ठेवलेली दोन पदरी हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) बरी. ॲल्युमिनियमची शील्ड १० ते १५ मिलिमीटर दूर ठेवा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, म्हणून ती धातूला टेकू देऊ नये. ज्या वायरिंगला वाचवायचे त्यावरच परावर्तक बाही चढवली तर खर्च कमी आणि परिणाम चांगला मिळतो.

परिणाम मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत शील्डवर तो फसवतो, खऱ्याहून खूप कमी आकडा दाखवतो. त्या जागी मॅट काळ्या उष्णतारोधक रंगाचा ठिपका लावून मोजा, किंवा के-प्रकारचे थर्मोकपल (तारेचा तापमापक) वायरिंगशेजारी बांधा. गाडी चालू असतानाचा आकडा घेऊन तेवढ्यावर थांबू नका. बंद केल्यानंतरची १५ मिनिटेही नोंदवा, कारण पंखा थांबल्यावर शेजारच्या भागांचे तापमान काही काळ वाढतच जाते. फ्लँजचे (पाइपच्या जोडाच्या कड्यांचे) बोल्ट आणि क्लॅम्पही काही दिवसांनी, थंड असताना, पुन्हा तपासून घ्या.