मांडीवरून पानावर

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी चार-सहा वर्षांची पोरं जमवून आम्ही चित्रपुस्तकं वाचतो. परवा एका मुलीनं पान उलटूच दिलं नाही. गोष्ट चालली होती पावसाची, आणि हिला दिसली होती चित्राच्या कोपऱ्यातली उलटी पडलेली चप्पल. गोष्टीत तिचा उल्लेखही नाही. "ही कोणाची?" पुढची दहा मिनिटं त्या चपलेतच गेली.

मराठीत अशी बिनकामाची चप्पल छापली जायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

मुलांसाठी छापील मराठी सुरू झालं ते त्यांना शहाणं करायला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीती' आणि 'बाळमित्र' ही १८२८ च्या सुमाराची. 'बाळमित्र' मूळ फ्रेंच, आपल्याकडे आलं इंग्रजीमार्गे. पुढे विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक काढलं, वा. गो. आपट्यांचा 'आनंद' १९०६ चा. कामं मोठीच, पण वाचक धरला होता तो शाळेत जाणारा, अक्षरओळख झालेला. तीन वर्षांचं पोर कोणाच्या हिशेबातच नव्हतं. त्याचं साहित्य आजीच्या मांडीवर होतं: चांदोबा, येरे येरे पावसा, आणि काऊचं शेणाचं नि चिऊचं मेणाचं घर. त्यात देव नाही, राजा नाही. पाऊस पडतो, एक घर वाहून जातं, एवढंच. चित्राचीही गरज नव्हती, कारण खरा कावळा समोरच्या कौलावर बसलेलाच असायचा.

मांडीवरचं हे शहाणपण शिक्षणात कोणी आणलं, तर ते लेखकांच्या आधी बालवाडीवाल्या बायकांनी, असं मला वाटतं. आणि ते घडलं आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरला त्याच कामातल्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या, मुलांनी खास साधनं हाताळत शिकायची माँटेसोरी पद्धत त्यांना पाठ होती. पण ती महागडी साधनं बोर्डीच्या किनाऱ्यावर कोण आणणार? १९४५ मध्ये तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, अनुताई वाघ सोबतीला आल्या, आणि साधनं म्हणून आले शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी योजनेत १९७५ नंतर आला, पण तिची कल्पना इथली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलल्यावर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. (२०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. ठाणेकरांनी तरी आपला हक्क सोडू नये.) बी हातात घेऊन पोराला तिच्याकडे बघत बसू देणं हा शिक्षणाचा भाग आहे, हे तिथे रोज चाललं होतं.

कवितेला मोकळं व्हायला फारसा खर्च लागत नाही. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' १९६१ मध्ये आली आणि मुलांच्या कवितेतल्या प्राण्यांनी उपदेश करणं सोडलं.

चित्रांचं मात्र अडलं पैशावर. चित्रपुस्तकाची पानं सोळा किंवा चोवीस, पण प्रत्येक पान चार रंगांत छापायचं: निळा, किरमिजी, पिवळा, काळा. प्रत्येक रंगाला छपाईची वेगळी प्लेट लागते, आणि प्लेटा करण्याचा खर्च हजार प्रती काढा की पन्नास हजार, तेवढाच. मराठी प्रकाशकाच्या हजार-दोन हजारांच्या आवृत्तीत तो बसेना, म्हणून मजकुराच्या वर कुठेतरी एक रेखाचित्र चिकटवून भागवलं जायचं. यावरची युक्ती अशी, की रंगांच्या तीन प्लेटा सगळ्या भाषांना एकच ठेवायच्या आणि अक्षरांची काळी प्लेट तेवढी बदलायची. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं एकाच चित्रांनिशी अनेक भाषांत निघाली ती त्यामुळेच स्वस्त. सोव्हिएत रशियातूनही मराठीत छापलेली पुस्तकं यायची, गुळगुळीत कागद, किंमत किरकोळ. १९९१ नंतर ती आटली. त्यातला बर्फ आम्ही डोळे फाडून बघायचो. आमच्या मोरीतली बादली मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हती.

ती बादली आणली माधुरी पुरंदरे यांनी. त्या चित्रकार, स्वतःच लिहितात, त्यामुळे शब्दाला सांगायचं काय आणि चित्रावर सोडायचं काय, हे एकाच हातानं ठरतं. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेल्या त्यांच्या 'राधाचं घर' मालिकेत घरातलीच माणसं आहेत, आणि गोष्ट म्हणावी असं फारसं काही घडतही नाही. त्यांच्याच 'यश'मध्येही रोजचंच. पहिल्यांदा वाचताना मलाच वाटलं होतं, यात काय आहे? पोरांना तो प्रश्न पडत नाही.

२००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्सनं पुस्तकांच्या किमती आणखी खाली आणल्या. २०१५ मध्ये त्यांचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ आलं, त्यावरून गोष्ट फुकट उतरवून घेता येते, हवी तर आपल्या बोलीत करून टाकता येते. आगरी बोलणाऱ्या एका आजीनं आमच्याकडे तसं केलंही, कागदावर न लिहिता, सरळ चित्रं बघत. खाडीकाठच्या चित्रात तिनं मासळीची नावं अशी भराभर घातली, की पोरं मूळ गोष्ट विसरली.

एक अडचण तेवढी अजून तशीच आहे. पुष्कळ वाचनालयांत चित्रपुस्तकं कुलपात असतात, कारण पोरं फाडतात. फाडतातच. आमच्या पेटीतलं चपलेचं पान दोनदा सेलोटेप लावून झालंय.