साखर उतरेना? आधी पोट चाचपा

डोस वाढवत नेला तरी साखर आटोक्यात येत नाही, तेव्हा घरात निकाल लागलेला असतो : ‘इन्सुलिन आता लागू पडत नाही.’ कारल्या-जांभळाच्या चूर्णांच्या जाहिराती याच वैतागावर पोसतात. मधुमेहाचं शिक्षण देणाऱ्या जाणकार सिस्टर मात्र आधी पोटावरून बोटं फिरवतात. पुष्कळदा बेंबीशेजारी, हात सहज पोचतो त्या बाजूला, रबरासारखी गाठ लागते. नुसत्या डोळ्यांना ती चुकवते.

गाठ म्हणजे फुगलेली चरबी. चरबीच्या पेशींना ‘साठवा, सोडू नका’ असं सांगणं हे इन्सुलिनचं एक कामच. रोज त्याच जागी, त्यातून बोथट झालेल्या जुन्या सुईने टोचलं, की तिथल्या पेशी फुगतात. साध्या इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताच्या आयनांभोवती जुडी करून असतात. त्वचेखाली पातळ होत ही जुडी सुटली, तरच सुटे रेणू झटकन केशवाहिन्यांत शिरतात. गाठीत केशवाहिन्या विरळ. त्यामुळे इन्सुलिन तिथेच रेंगाळतं आणि अवेळी झिरपतं. जेवणानंतर साखर चढलेली, मध्यरात्री घसरलेली. गाठीत टोचलेलं फारसं दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तीच जागा धरतो!

उपाय बिनखर्चाचा. पोटाचे चार भाग करून आठवड्याला एक वापरायचा. बेंबीपासून दोन बोटं दूर राहायचं, आधीच्या टोचणीपासून एक बोट सरकायचं. इन्सुलिन पेनची सुई 4 मिमीची असेल तर सरळ टोचायची आणि बटण पूर्ण दाबल्यावर 10 अंक मोजून काढायची. पांढुरकं इन्सुलिन तळहातांत 10 वेळा घोळवायचं, 10 वेळा उलटसुलट करायचं. खळखळा हलवायचं नाही.

गाठ सोडून चांगल्या जागी तोच डोस घेतला तर मात्र साखर एकदम कोसळू शकते. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यायचा आणि काही दिवस साखर जास्त वेळा तपासायची. साखर 70च्या (मिग्रॅ/डेसिलिटर) खाली गेली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

‘समजलं का?’ म्हटलं की सगळेच मान डोलावतात. म्हणून सिस्टर म्हणतात, ‘काका, भरून दाखवा बरं.’ मग कळतं, बाटली 40ची आहे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट, आणि सिरिंज नारिंगी टोपीची, म्हणजे 100ची. काकांनी 20च्या खुणेपर्यंत भरलं, पण अंगात जाणार फक्त 8 युनिट. त्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज हवी.