बारा ठोक्यांची रेघ आणि बायकांचं हृदय

व्यायाम थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते, हे आता मनगटावरचं घड्याळही सांगतं. ती बायकांची लवकर उतरते की पुरुषांची, या प्रश्नाचं उत्तर मात्र दर अभ्यासात वेगळं मिळतं. याचं मोठं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे.

१९४३ च्या सुमारास अमेरिकेत तरुणांचा दमसास तपासायला २० इंच उंच बाकावर पाच मिनिटं चढ-उतार करायला लावत आणि मग खाली बसवून नाडी मोजत. पुढे बायकांसाठी बाक १६ इंचांवर आणला गेला. म्हणजे श्रम सारखे नसतात, हे तेव्हाही ठाऊक होतं. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की पहिल्या अर्ध्या मिनिटातली घट मुख्यतः व्हेगस या, हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या, मज्जातंतूमुळे होते. खेळाडूंमध्ये ती झपाट्याने होते, हृदय निकामी होत चाललेल्यांत संथ.

खरा गुंता १९९९ मधल्या एका आकड्याने झाला. अमेरिकेतल्या २,४२८ जणांच्या ट्रेडमिल चाचण्या तपासून, सहा वर्षांतल्या मृत्यूंशी ताडून ठरलं की पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरले तर धोका. त्यात ६३ टक्के पुरुष होते, सरासरी वय ५७. आणि ती माणसं थांबलेली नव्हतीच! पट्टा ताशी २.४ किलोमीटरने, जरा चढावर, चालूच होता. चालत राहणाऱ्याची नाडी कमी उतरते. चाचणी संपताच आडवं झोपवलेल्यांसाठी नंतर धोक्याची रेघ १८ वर निघाली. फक्त पुरुषांच्या एका अभ्यासात दोन मिनिटांना २२ आली. तरी तोंडोतोंडी राहिला तो १२ च.

ठोके मोजायचे की टक्के, हाही वाद आहेच. १८० वरून १६२ वर आलेली नाडी १८ ठोके उतरली, १५० वरून १३५ वर आलेली १५. टक्क्यांत दोन्ही दहाच. बायकांचं हृदय साधारणतः आकाराने लहान, एका ठोक्याला रक्त कमी, म्हणून तेवढ्याच कामाला ठोके जास्त. कोणत्या वेगाला थांबवलं, किती दमवलं, बसवलं की चालवलं, यावर निकाल फिरतो. म्हणून ‘बायकांची रिकव्हरी (म्हणजे नाडीची ही उतरण) मंद’ असं सरसकट वाक्य वाचलं की मला फार खटकतं.

२००३ मध्ये लक्षणं नसलेल्या २,९९४ बायकांचा वीस वर्षांचा हिशेब आला. त्यांच्यात ईसीजीतल्या एसटी रेषेच्या घसरणीने (हृदयाला रक्त कमी पडत असल्याची ही नेहमीची खूण) मृत्यूचा अंदाज आला नाही. दमसास आणि नाडीची उतरण यांनी आला. इतकं महत्त्वाचं काम, पण बायकांच्या चाचणीत आजही बहुतेकांचं लक्ष त्या एसटी रेषेकडेच जातं. २०१० मध्ये बायकांच्या कमाल ठोक्यांसाठी वेगळं सूत्र मांडलं गेलं: २०६ वजा वयाची ०.८८ पट. पन्नाशीच्या बाईसाठी ते १६२ येतं; जुन्या २२० वजा वय या हिशेबाने १७०. जुन्या हिशेबाने बघितलं, तर आपले कमाल ठोके गाठूनही ती आठ ठोके कमीच पडते.

टीएमटीच्या (ट्रेडमिल चाचणीच्या) अहवालात पहिल्या मिनिटाचा आकडा असेल, तर त्या मिनिटात बाई चालत होती, बसली होती की आडवी होती, हेही तिथेच लिहायला हवं.